खराडीकर काय म्हणतात



पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने. तेव्हापासून शहराचे मत म्हणजे पेठांचे मत, असा एक समज इथे मुरला आहे. टिळक रस्त्यावरच्या सभागृहात वक्ता बोलतो, पहिल्या रांगेतले ज्येष्ठ चिठ्ठी पाठवून हरकत घेतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि ‘पुणेकरांचे म्हणणे’ तयार होते. या व्यवस्थेत शहराच्या पूर्वेकडच्या खराडीचा माणूस कुठेच बसत नाही. संध्याकाळी सहाच्या व्याख्यानाला पोहोचायचे तर त्याला कंपनीतून साडेचारला उठावे लागेल, आणि स्मृतिव्याख्यानासाठी अर्ध्या दिवसाची रजा अजून कोणत्याही कंपनीने सुरू केलेली नाही.

त्याला मते नाहीत असे मात्र अजिबात नाही. बायपास चौकातल्या रिक्षाथांब्यावर, ईऑन या आयटी पार्कच्या गेटाबाहेरच्या टपरीवर, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, गावठाणातल्या देवळाच्या ओट्यावर मतांचा नुसता पाऊस पडत असतो. रस्ता, बस, मेट्रो, पाणी, मुलांना खेळायला जागा, रात्री दहानंतर कुठे काय खायला मिळते, यांपैकी कोणताही विषय काढा. पण ही बोलणी काही काळ कान देऊन ऐकली की एक गोष्ट लक्षात येते. तक्रार गेटाच्या आतली क्वचितच असते. आत बाग आहे, तरणतलाव आहे, जिम आहे, जनरेटर आहे. तक्रार सुरू होते ती गेट ओलांडल्यावर. दोन गेटांच्या मधली जी जागा आहे तिची काळजी कोणी वाहिलेली नाही, आणि आजचे हे व्याख्यान त्या जागेबद्दल आहे.

खराडी महापालिकेत आली १९९७ साली. त्या वर्षी पुण्याभोवतीची ३८ गावे शहरात घेतली गेली. पुढे काही वगळली, २३ उरली, त्यांत खराडी राहिली. गावे आधी आली, त्यांचा विकास आराखडा मागाहून आला आणि तोही टप्प्याटप्प्याने मंजूर होत होत दशक उलटून गेले. बांधकामे आराखड्यासाठी खोळंबली नाहीत. चंदननगरच्या बाजूला गुंठा-दोन गुंठ्यांची खरेदीखते होऊन घरे उठली, तर नदीच्या अंगाला एमआयडीसीच्या नॉलेज पार्कात ईऑनच्या काचेच्या इमारती आल्या, पाठोपाठ वर्ल्ड ट्रेड सेंटर आले. झेन्सर ही कंपनी त्याआधीपासून होतीच. मधल्या शेतांतून एकेका सर्व्हे नंबरावर एकेक प्रकल्प उभा राहिला. म्हणून आजही खराडीतल्या कित्येक रस्त्यांची रुंदी मध्येच बदलते: जिथे जमीन ताब्यात आली तिथे रुंद, जिथे मालकाशी बोलणे फिसकटले तिथे अरुंद. थिटे वस्ती, पठारे वस्ती, चौधरी वस्ती ही नावे बसथांब्यांवर आणि कुरिअरच्या पत्त्यांत तशीच राहिली आहेत. वीस मजल्यांच्या इमारतीत राहणारा माणूस पार्सलवाल्याला ‘थिटे वस्तीच्या अलीकडे’ असेच सांगतो.

गावातल्या जुन्या माणसांचे यावर एक ठरलेले म्हणणे आहे. नदीपलीकडे बघा, असे ते म्हणतात. पलीकडे हडपसरला मगरपट्टा आहे. तिथल्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, सतीश मगर यांच्या नेतृत्वाखाली २००० साली बांधकाम सुरू केले आणि जमीन विकून मोकळे होण्याऐवजी ते भागधारक झाले. खराडीत ज्याने त्याने आपापली विकली. त्यात कोणी श्रीमंत झाले, कोणी गाडी आणि बंगल्यात पैसा घालून पुन्हा होते तिथे आले. ‘आम्ही एकत्र बसलो नाही’ हे वाक्य गावठाणात ऐकू येते आणि ते खरे आहे. पण मगरपट्ट्याचे गोडवे गाताना एवढेही म्हणायला हवे, की तो परिसरही आपल्या हद्दीपुरताच नेटका आहे. बाहेर पडले की मुंढव्याचा चौक आहेच, आणि त्या चौकापुढे सारे भागधारक सारखे.

पाण्याचा विषय थोडक्यात उरकता येतो. भामा आसखेड धरणातून पुण्याच्या पूर्व भागाला पाणी देण्याची योजना १ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. त्याआधी शहराच्या पश्चिमेकडून येणाऱ्या वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असल्याने इथल्या नळांना जे उरेल ते मिळे. योजना आली, तरी टँकरची वर्दळ संपली नाही, कारण इमारतींची भर नळजोडांपेक्षा वेगाने पडत गेली. खेड तालुक्यातल्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्या धरणात गेल्या त्यांनी मोबदल्यासाठी आणि पर्यायी जमिनीसाठी काय काय आंदोलने केली, हे खराडीच्या लिफ्टमधल्या चर्चेत सहसा येत नाही. यायला हवे.

आता गेटाबाहेरचा मुख्य विषय, म्हणजे नगर रस्ता.

टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत वाहतुकीच्या संथपणात पुण्याचा क्रमांक जगात चौथा लागला. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून थोडा अधिक वेळ. खराडीकराला हा आकडा सांगितला तर तो समजूतदारपणे हसतो. त्याच्या मते सरासरीने पुण्याची अब्रू राखली आहे. संध्याकाळी सातला बायपास चौकात उभे राहून मोजले असते तर चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले नसते.

या रस्त्यावर उपायांचे जेवढे प्रयोग झाले तेवढे क्वचितच कुठे झाले असतील. पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी करून पाहिली. नगर रस्त्यावर ती येरवड्यापासून पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. मधोमध बसची स्वतंत्र मार्गिका, मधोमध स्थानके आणि तिथवर पोहोचण्यासाठी प्रवाशाने दोन्ही बाजूंची वाहने चुकवत जायचे. सात-आठ वर्षांत ती टप्प्याटप्प्याने उखडली गेली. २०२३-२४ मध्ये नगर रस्त्यावरच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यातून तिचे कठडे आणि स्थानके गेली. यावर खराडीत दोन तट आहेत आणि ते कधी एक होतील असे वाटत नाही. चारचाकीवाला म्हणतो, रस्ता मोकळा झाला, सुटलो. वाघोलीहून रोज बसने येणारी, तीन घरची धुणीभांडी करणारी बाई म्हणते, बस निदान अडकत तरी नव्हती. पहिल्याला आपले म्हणणे मांडायला समाजमाध्यमे आहेत. दुसरीला बस वेळेवर आली नाही तर एका घरचे काम जाते, आणि हे सांगायला तिला सवडही नसते.

या वादात वक्त्याचे मत विचाराल तर ते असे: नगर रस्त्यावरची बीआरटी अर्धवट केली गेली आणि अर्धवटपणाचा दोष तिच्या कल्पनेवर ढकलला गेला. बसला वेगळी वाट दिली, पण त्या वाटेवर धावायला पुरेशा बस दिल्या नाहीत. रिकामी मार्गिका पाहून शेजारी तासभर उभ्या असलेल्या माणसाचे डोके फिरणारच. मार्गिकेत पाच मिनिटाला एक बस धडधडत गेली असती, तर त्यातल्या काहींनी गाडी घरी ठेवली असती. पीएमपी ही बससंस्था २००७ साली पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून झाली. तेव्हापासून बसची संख्या हा तिचा कायमचा आजार आहे. १ जून २०२५ पासून किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. भाडे वाढल्याचा राग थांब्यावर ऐकू येतो, पण त्याहून मोठा राग वाट पाहण्याचा आहे. ‘दहा घ्या, पण गाडी सोडा’ असे लोक म्हणतात.

आणि गाड्या सोडता येतात याचा पुरावा याच रस्त्यावर दर वर्षी मिळतो. १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या लढाईच्या स्मरणार्थ पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला लाखो लोक येतात. त्या दिवशी नगरकडे जाणारी वाहतूक खराडी बायपासवरून वळवून मगरपट्टा चौक, सोलापूर रस्ता, चौफुला, न्हावरे अशी फिरवत शिरूरला नेली जाते. येणाऱ्यांच्या गाड्या वाटेतल्या वाहनतळांवर थांबतात आणि तिथून पीएमपीच्या शेकडो बस लोकांना नेतात-आणतात. खासगी वाहने बाजूला ठेवून बसने गर्दी हलवायची, हे प्रशासनाला जमते. आदल्या महिन्यात बैठका होतात, आराखडा निघतो, थांबे ठरतात. उरलेले ३६४ दिवस खराडीच्या कंपन्यांत येणाऱ्या माणसांसाठी असा एखादा कागद निघालेला दिसत नाही. ते भाविक किंवा अनुयायी नाहीत, नोकरदार आहेत, म्हणून त्यांची गर्दी ही गर्दी धरली जात नसावी.

मेट्रोबद्दल खराडीचे मत सध्या आशेचे आहे, थोडे चिडलेल्या आशेचे. वनाझहून निघणारी मार्गिका ६ मार्च २०२४ रोजी रामवाडीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. रामवाडी ते ईऑन साधारण सहा किलोमीटर. संध्याकाळी रामवाडी स्थानकाच्या पायऱ्यांखाली पाच मिनिटे उभे राहावे. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, हातात मोबाइल अशी माणसे उतरतात आणि सगळ्यांचे डोळे एकदम खाली वळतात, कारण प्रत्येक जण मोबाइलवर गाडी बोलावत असतो. रिक्षावाले ‘खराडी, खराडी, एक सीट’ ओरडत असतात. हिशेब सोपा आहे. वनाझ ते रामवाडी, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मेट्रोचे तिकीट ३० रुपये. पुढच्या सहा किलोमीटरला एकट्याने रिक्षा केली, तर सप्टेंबर २०२२ च्या दराने (पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७) मीटर शंभराच्या पुढे जाते. कोथरूडहून येणारा म्हणतो, शहर ओलांडायला तीस आणि चौक ओलांडायला शंभर. मग तो पुन्हा दुचाकी काढतो, आणि मेट्रोचे प्रवासी का वाढत नाहीत यावर कोणीतरी परिसंवाद ठेवतो.

पुढची मंजुरी आलेली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ जून २०२५ रोजी वनाझ–चांदणी चौक आणि रामवाडी–वाघोली (विठ्ठलवाडी) या विस्ताराला मान्यता दिली: दोन्ही मिळून १२.७५ किलोमीटर, १३ स्थानके, ३,६२६ कोटी रुपये, मुदत चार वर्षे. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला खराडी–हडपसर–स्वारगेट–खडकवासला ही चौथी मार्गिका आणि नळ स्टॉप–वारजे–माणिकबाग ही तिची जोडमार्गिका मंजूर झाली; साडेएकतीस किलोमीटरच्या पुढे, २८ स्थानके, ९,८५८ कोटी, मुदत पाच वर्षे. म्हणजे ठरल्याप्रमाणे झाले तर या दशकाच्या अखेरीस खराडीला दोन बाजूंनी मेट्रो असेल. ‘ठरल्याप्रमाणे’ या शब्दावर टपरीवर जो हशा पिकतो, त्याचे कारण शिवणे–खराडी रस्ता. नदीकाठाने शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या सतरा-अठरा किलोमीटरच्या या रस्त्याचे काम २०११ च्या सुमारास हाती घेतले होते. जमीन ताब्यात न घेताच काम काढल्याने तो आजही तुकड्यातुकड्यांत पडून आहे. त्या वर्षी जन्मलेली मुले आता दहावीला आली.

मेट्रो वरून जाईल, पुणे–शिरूर उन्नत मार्गाचीही योजना आहे. वरचे मजले ठरत आहेत. जमिनीवर काय असेल हे विचारले की उत्तर मिळत नाही. अलीकडे नगर रस्त्यावरचे काही सिग्नल बंद करून वाहनांना पुढे जाऊन यू-टर्न घ्यायला लावले. गाड्यांचा खोळंबा त्या ठिकाणी कमी झाला, असे गाडीवाले म्हणतात. पण सिग्नल गेला तसा पायी ओलांडणाऱ्याचा लाल दिवाही गेला. आता म्हातारा माणूस हात वर करून, देवाचे नाव घेऊन रस्ता ओलांडतो. पदपथाची गोष्ट तर निघूच नये. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीच्या केसनंद फाट्यावर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मध्यरात्री डंपर गेला. तिघे दगावले, त्यांत दोन लहान लेकरे होती. ते कुटुंब अमरावती भागातून कामासाठी आले होते. जे हे शहर बांधायला येतात त्यांना झोपायला पदपथ आणि चालायला रस्ता, अशी ही वाटणी आहे. या परिसराच्या विकासावरचे कोणतेही मत या घटनेला वळसा घालून मांडता येत नाही.

खेळाकडे वळताना आधी भूगोल सांगितला पाहिजे. पश्चिम पुण्याला टेकड्या मिळाल्या: वेताळ, हनुमान, तळजाई, पर्वती. तिथल्या मुलाला खेळायला मैदान नसले तरी पळायला चढ आहे, तोही फुकट. पूर्वेला आली नदी. पण शहराचे सगळे पोटात घेऊन मुळा-मुठा खराडीला पोहोचते. महापालिकेचे रोज ४० दशलक्ष लिटर (एमएलडी) क्षमतेचे मैलाशुद्धीकरण केंद्र इथे आहे. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून शहरात ३९६ एमएलडी क्षमतेची आणखी अकरा केंद्रे बांधण्याच्या ९९० कोटींच्या योजनेतही खराडीचे नाव आहे. ती सगळी केंद्रे पूर्ण क्षमतेने चालेपर्यंत नदीकाठी पळायला जाणाऱ्याने नाकाला रुमाल बांधलेला बरा.

राहतात सोसायट्यांची क्लब हाउसे, टर्फ आणि पालिकेचे राजाराम भिकू पठारे स्टेडियम. बॅडमिंटनच्या खेळाचे नियम ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पुण्याच्या छावणीत एकोणिसाव्या शतकात बसवले असे मानतात. आज खराडीत हा खेळ बहुतेक सोसायटीच्या गेटाआडच खेळला जातो आणि शेजारच्या वस्तीतल्या मुलीला कोर्ट दिसते ते कुंपणाच्या जाळीतून. क्रिकेटचे तर पूर्ण रूप पालटले. मोकळे प्लॉट गेले, त्यांच्या जागी हिरव्या जाळीतले टर्फ आले. तासाचे भाडे हजाराच्या घरात. दहा-बारा इंजिनिअरांनी ते वाटून घेतले तर चहा-सिगारेटच्या खर्चात जमते. नववीतल्या पोरांना जमत नाही. ती पोरे मग बंद पडलेल्या बांधकामाच्या कंपाउंडमध्ये टेनिस बॉल घेऊन शिरतात आणि रखवालदार शिट्टी वाजवीपर्यंत सहा-सात षटके काढतात. रात्री साडेअकराला टर्फवर ‘हाउज दॅट’ची आरोळी उठली की समोरच्या इमारतीतून पोलिसांना फोन जातो. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक जागेची आहे.

गावाची तालीम आणि कंपनीचा टर्फ यांची भेट सहसा होत नाही. ती क्वचितच झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा नगर रस्त्यालगत फुलगावला भरली होती. वाघोलीच्या पुढचे हे गाव. मोहोळचा सिकंदर शेख आणि राजगुरुनगरचा शिवराज राक्षे, आधीच्या जानेवारीत कोथरूडला केसरी झालेला, अशी अंतिम लढत झाली आणि मिनिट पुरे व्हायच्या आत सिकंदरने ती संपवली. त्या दिवसांत खराडीच्या कँटीनमध्ये सोलापूर, लातूर, कोल्हापूरच्या पोरांची जी चर्चा चालली, तिच्यात कोडिंगवाला आणि गाडीवाला एका बाकावर होते. पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये प्रो कबड्डी जिंकली, तिचा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, तेव्हाही असेच झाले. प्रेक्षक इथे आहेत, खेळणारेही आहेत. त्यांना चौकापासून चालत जाता येईल असे मैदान हवे. सरकारचे मोठे क्रीडासंकुल बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेले. खराडीहून तिथे जायचे म्हणजे अख्खे शहर आडवे कापायचे. क्रिकेटचे स्टेडियम तर त्याच्याही पुढे गहुंजेला.

खाण्याबाबत मात्र खराडीने पेठांची मक्तेदारी मोडून काढली आहे, हे मान्य केले पाहिजे. जुन्या पुणेकराचे मत ठरलेले असते: खायचे तर डेक्कनला, म्हणजे १९३५ सालापासूनचे गुडलक, नाहीतर फर्ग्युसन रस्त्यावरचे वैशाली. खराडीकर त्या रांगेत उभा राहायला जात नाही. त्याच्याकडे दुपारी एक वाजता ईऑनच्या गेटाबाहेर जे मांडलेले असते त्याचे वर्णन करणे अवघड आहे. एका गाड्यावर लिट्टी-चोखा, त्याच्या बाजूला स्टीलच्या डब्यांतून राजमा-चावल, पलीकडे सायकलच्या कॅरिअरवर इडलीचे पातेले, आणि एक बाई टोपलीत फडक्याखाली ज्वारीच्या भाकऱ्या, पिठले आणि ठेचा घेऊन बसलेली. भाकरी घेणारे बहुतेक मराठवाड्याचे आणि विदर्भाचे. शुक्रवारी रात्री बायपासला नांदेड, यवतमाळ, अमरावतीच्या ट्रॅव्हल्सची वाट पाहत बॅगा घेऊन उभे असतात, ते हेच.

मग कोणीतरी ओरडते, ‘गाडी आली!’ अतिक्रमण विभागाची गाडी. लिट्टीवाला शेगडी विझवतो, सिलिंडर पायाने मागे ढकलतो आणि हातगाडी गल्लीत घेतो. भाकरीवाली टोपली डोक्यावर ठेवून सरळ चालू लागते, जणू तिचा या सगळ्याशी संबंध नाही. अर्ध्यात जेवण राहिलेले गिऱ्हाईक पत्रावळ हातात धरून उभेच. पंधरा मिनिटांनी सगळे पुन्हा आपापल्या जागी. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचा कायदा २०१४ चा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, सर्वेक्षण आहे, ठरवून दिलेल्या जागा आहेत. या गेटावर मात्र कायद्याची ओळख गाडीच्या रूपानेच होते. सोसायट्यांचे याबाबतचे मत तर मोठे गमतीचे आहे: दिवसा तक्रार करायची की हातगाड्यांनी पदपथ खाल्ला, आणि रात्री साडेदहाला त्याच गाडीवर भुर्जी-पाव खायचा.

मोठ्या हॉटेलांबद्दल लोक फार बोलत नाहीत. ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या नगर रस्त्यावर इतक्या झाल्या आहेत की चुलीला लाकूड कुठून येते हा प्रश्न पडावा. कल्याणीनगरच्या मे २०२४ च्या अपघातानंतर, ज्यात दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव गेला, शहरातल्या पबांवर आणि गच्चीवरच्या हॉटेलांवर कारवाई झाली. त्यावर खराडीत बराच काळ मतमतांतरे चालली. पण रोजच्या जेवणाचा प्रश्न वेगळा आहे. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंगच्या बाया, डिलिव्हरीची पोरे यांना परवडेल अशा गरम जेवणाचा. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ ही केंद्रे काढली ती हमालांना स्वस्तात पोटभर आणि स्वच्छ जेवण मिळावे म्हणून. पुण्यातल्या खाद्यसंस्कृतीवर लिहिणारे मिसळीवर पाने भरतात, या केंद्रांचा उल्लेख करत नाहीत. खराडीला आज अशा केंद्रांची गरज मार्केट यार्डाइतकीच आहे, कारण हमाल इथेही आहेत. फक्त त्यांच्या पाठीवर पोते नसून चौकोनी पिशवी आहे.

आता ही मते कोणी ऐकायची होती? महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर प्रशासक बसले आणि पुढचे मतदान झाले थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे. याच काळात नगर रस्त्यावरची बीआरटी उखडली, मेट्रो रामवाडीला आली आणि तिचे पुढचे मार्ग ठरले, सिग्नल गेले आणि यू-टर्न आले. निर्णय बरे की वाईट हा वाद चालू राहील; ते घेताना प्रभागातून निवडून आलेला एकही माणूस सभागृहात नव्हता, ही नोंद मात्र व्हायला हवी. त्यातच २०२१ मध्ये वाघोलीसह २३ गावे आत आल्याने पालिकेची हद्द तेव्हा पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. कालपर्यंत शहराचे टोक असलेली खराडी आता मध्यात आली, तरी तिच्याकडे टोकाला असल्यासारखेच पाहिले जाते.

मार्ग अगदीच बंद नाहीत. प्रादेशिक व नगररचना कायद्यात, म्हणजे १९६६ सालापासून, आराखड्यावर हरकती आणि सूचना देण्याची तरतूद आहे. पुण्यात नागरिकांच्या सूचनांवरून अंदाजपत्रकात छोटी कामे घालण्याची पद्धत २००६ पासून आहे. दर वर्षी साधारण पावसाळ्याच्या अखेरीस अर्ज मागवतात. आजवर तिथे पेठा आणि कोथरूड हुशारीने अर्ज भरत आले. खराडीच्या सोसायट्यांनी आपल्या आवारातल्या बाकड्यांसाठी आणि फरशांसाठी तो वापरण्यात अर्थ नाही. गेटाबाहेरचे मागा: बायपास चौकात पायी ओलांडण्याचा दिवा, थिटे वस्तीच्या रस्त्याला सलग पदपथ, हातगाड्यांना ठरलेली जागा आणि नळ, पालिकेच्या मोकळ्या भूखंडावर मुलांना खेळायला साधे मातीचे मैदान.

आणि एक काम या वर्षीच करण्यासारखे आहे. मेट्रोच्या खांबांसाठी खोदाई सुरू झाली की नकाशा बदलत नाही. त्याआधी नगर रोड–वडगाव शेरी क्षेत्रीय कार्यालयात आणि महामेट्रोकडे लेखी विचारा, की खराडीतल्या प्रत्येक स्थानकाचा जिना कुठे उतरणार, तिथून कंपन्यांच्या गेटांपर्यंत आणि वस्त्यांपर्यंत चालत कसे जायचे, आणि पीएमपीची बस नेमकी कुठे उभी राहणार. अर्जावर सोसायटीच्या अध्यक्षांबरोबर वॉचमनची, रिक्षावाल्यांची, भाकरीवालीची आणि वाघोलीहून येणाऱ्या त्या बाईचीही सही घ्या. पोच घ्यायला विसरू नका.